गरम सीटची दुरुस्ती: तुटलेली तार सापडली

ज्यांनी आधीचं वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. माझ्या जुन्या जर्मन सेदानची डावी सीट गरम होईनाशी झाली होती. बटण दाबलं की दिवा लागायचा आणि पाच-सहा सेकंदांत आपोआप विझायचा. पुण्यात गरम सीट कशाला, असं बरेच जण विचारतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास येतो, आईची कंबर धरते, आणि त्या सीटवर तिला खरंच आराम पडतो. म्हणून हे काम मनावर घेतलं.

फ्यूज शाबूत होता. दिवा लागतोय म्हणजे मॉड्यूलही, म्हणजे सीटची गरमी सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबाही, जिवंत आहे. त्याला प्रवाह वाहताना दिसत नाही, म्हणून ते स्वतःच बंद होतं. म्हणजे सीटच्या आतली तापणारी तार कुठेतरी तुटलेली असणार.

शनिवारी सीट बाहेर काढली. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढून अर्धा तास थांबलो. सीटखालचा पिवळा कपलर (तारा जोडणारा प्लग) साइड एअरबॅगचा असतो. त्याला मीटरची पिन लावायची नाही, कधीच नाही. मीटरच्या बारीकशा करंटनेही एअरबॅग उडू शकते. आणि तो सुटलेला असताना इग्निशनही द्यायचं नाही, नाहीतर डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा लागून बसतो.

हीटरच्या कपलरवर मोजलं तर मीटर ‘ओएल’ दाखवत होता, म्हणजे वाट कुठेतरी तुटलेली. या गाडीत बैठक आणि पाठ एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडलेल्या आहेत, त्यामुळे एक गेली की दोन्ही थंड. वेगवेगळं मोजल्यावर पाठ 1.0 ओहम आली, बैठकीत पुन्हा ‘ओएल’. तापमानाचा सेन्सर गार सकाळी 12 किलोओहम दाखवत होता आणि त्यावर तळहात ठेवला की आकडा उतरत होता. तो ठीक निघाला याचं मला फार बरं वाटलं, कारण तो बिघडला असता तर पूर्ण पॅड, म्हणजे तापणारी तार बसवलेलं कापड, बदलावा लागला असता.

कव्हर काढणं हेच या कामातलं सगळ्यात वेळखाऊ. फोममध्ये रोवलेल्या तारांना ते लोखंडी रिंगांनी बांधलेलं असतं. नाना पेठेतल्या एका सीट कव्हरवाल्या काकांनी रिंगांची पक्कड कशी धरायची ते दाखवलं आणि मूठभर नव्या रिंगा दिल्या. जुन्या सरळ कापायच्या, वाकवून परत वापरायच्या नाहीत. पॅडखाली प्रवासी ओळखणारी सेन्सरची चटई असते, तिला मुडपू द्यायचं नाही.

आता मुख्य गोष्ट. मीटरची एक पिन तारेच्या टोकाला लावली, दुसरीला टाचणी बांधली. मधोमध टोचलं, मीटर वाजला, म्हणजे तिथपर्यंत तार सलग होती. मग उरलेल्या अर्ध्याच्या मधोमध, असं निम्मं निम्मं करत गेलो. पाचव्या टोचणीला आवाज थांबला. डाव्या कडेच्या उंचवट्याला लागूनच्या घडीत, जिथे आत बसताना अंग घासून सरकतं तिथे, ज्वारीच्या दाण्याएवढा तपकिरी डाग होता. कापड किंचित कडक झालं होतं. नखाने बाजूला केलं तर तारेचे केसासारखे पदर तुटून दोन बाजूंना उभे होते.

सोल्डर करायचा मोह झाला, पण केला नाही. सोल्डर तारेत झिरपतं, तिथे ती ताठ होते आणि अगदी त्याच्या कडेला पुन्हा तुटते. शिवाय ही जागा रोज वाकणारी. तपकीर गल्लीतून तांब्याच्या छोट्या स्लीव्ह आणल्या, पदर एकमेकांवर चढवून दाबल्या, वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवलं. बैठक 1.1 ओहम आली, दोन्ही मिळून 2.1.

कव्हर चढवण्याआधी सुट्या बॅटरीवर, मध्ये 10 अँपियरचा फ्यूज ठेवून, दोन मिनिटं चालवून बघितलं. सुमारे 6 अँपियर गेले. अशा वेळी सेन्सरचं नियंत्रण नसतं, म्हणून सीटजवळून हलायचं नाही. लेझर थर्मामीटरने शेजारची तार 34 अंश, जोड 35. जोड यापेक्षा बराच जास्त तापला असता तर तो कापून नवा केला असता. फोमशेजारी कच्चा जोड ठेवण्याची जोखीम मी घेणार नाही.

रविवारी संध्याकाळी सगळं परत बसवलं, बॅटरी सर्वात शेवटी. एअरबॅगचा दिवा नेहमीसारखा लागून विझला. आज सकाळी साडेसहाला आईला घेऊन निघालो, लॉ कॉलेज रोडला पोचेपर्यंत सीट गरम झाली होती.

पुढच्या रविवारी उजव्या सीटचंही मोजून ठेवतो. तिथेही रोज त्याच घडीवरून सरकणं होतं.