अळणी भाजी आणि तात्पर्य

मे महिन्याच्या सुट्टीत माझी दहा वर्षांची भाची सदाशिव पेठेत आमच्याकडे राहायला आली होती, आणि रोज रात्री जेवणे आटोपल्यावर तिला ‘श्यामची आई’तली एक ‘रात्र’, म्हणजे एक प्रकरण, वाचून दाखवायची असा आमचा क्रम ठरला. जुन्या प्रतीची पाने हात लावताच तुटू लागल्यामुळे अप्पा बळवंत चौकातून नवी प्रत आणली. मनात थोडी धास्ती होती, कारण संस्कारांचे पुस्तक म्हणून ज्याची ओळख करून दिली जाते, ते मुले आधी बाजूला ठेवतात असा माझा अनुभव आहे.

साने गुरुजींनी हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहिले आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. आश्रमात श्याम मित्रांना आठवणी सांगतो अशी त्याची रचना आहे. आश्रमातले प्रास्ताविक आणि श्यामचे चिंतन चालू असताना भाची गोधडीचे दोरे ओढत असे, हे मी पहिल्या दोन-तीन दिवसांतच पाहिले. प्रसंग सुरू झाला की मात्र ती उठून बसे.

‘अळणी भाजी’च्या रात्री ती अशीच उठून बसली. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील मिठाबद्दल एक शब्दही न बोलता जेवतात आणि त्यांच्याकडे पाहून श्यामही गप्प राहतो. राबून स्वयंपाक करणाऱ्या माणसाचे मन दुखवू नये, हे यातून शिकायचे, आणि ते गुरुजींनी मोकळेपणाने सांगितलेही आहे. भाचीने ते ऐकून घेतले आणि विचारले, “पण मावशी, आई त्यांच्याबरोबरच जेवायला का नाही बसली? तिला लगेच कळलं असतं ना.” मी हे प्रकरण किती वेळा वाचले असेल, पण आई सर्वांच्या मागून जेवते म्हणूनच ही गोष्ट घडू शकते, हे माझ्या कधीच लक्षात आले नव्हते. गुरुजींनी त्यावर भाष्य केलेले नाही. त्यांनी कोकणातले आपले घर जसे होते तसे लिहिले, आणि त्या लिहिण्यात त्यांनी सांगितलेल्या बोधापेक्षा अधिक काहीतरी आपोआप उतरले.

बोधकथेत असे सहसा होत नाही. बापू छत्रे यांनी १८२८ साली इसापच्या गोष्टी मराठीत आणल्या, तेव्हापासून ‘तात्पर्य’ हा शब्द आपल्या बालवाचनाला चिकटलेला आहे. इसापच्या कोल्ह्याला भूक लागते, परंतु श्यामच्या घरासारखी त्याच्या घरावर सावकाराची जप्ती येत नाही. त्यामुळे तात्पर्याखेरीज त्या गोष्टीत विचारण्यासारखे फारसे उरत नाही. कार्लो कोलोदीच्या ‘पिनोकिओ’त तर उपदेश करणाऱ्या बोलक्या रातकिड्याला तो लाकडी पोरगा चौथ्याच प्रकरणात हातोडा फेकून मारतो. (हे वाचून भाचीला झालेला आनंद मी तिच्या आईला सांगितलेला नाही.)

पोहण्याचा प्रसंग आम्हाला दोन रात्री पुरला. लपून बसलेल्या श्यामला आई मारते आणि विहिरीवर धाडते, हे भाचीला मुळीच पटले नाही. लोकांनी आपल्या मुलाला भित्रा म्हणू नये हे आईचे कारण ऐकूनही पटले नाही. “तिने स्वतः त्याच्याबरोबर जायला हवं होतं,” असे म्हणून तिने विषय संपवला. आईची थोरवी पटवून देण्याचा मोह मी आवरला. गुरुजींनी तो मार आणि ते रडे झाकून ठेवले असते, तर हे भांडण झालेच नसते.

पुढे कर्जाची प्रकरणे आली आणि प्रश्न आकड्यांवर गेले: किती कर्ज, किती व्याज, शेत का नाही विकले. ‘तेल आहे तर मीठ नाही’ हे शीर्षक मी वाचले, तेव्हा तिने मला थांबवले आणि मागची पाने उलटून अळणी भाजीची रात्र शोधून काढली. “तेव्हा ती विसरली होती,” ती म्हणाली, “आता घरात नाहीच.” मग दिवा मालवायला तिने बराच वेळ नकार दिला.