एवढ्या उन्हात झाडाला दिवा कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून. गेली चार वर्षं परभणीत माझ्या घरी येणारा प्रत्येक माणूस हेच विचारतो. बाहेर ४२ अंश, गच्चीवर पाय ठेववत नाही आणि ही बाई घरात ऑर्किडवर दिवे लावून बसली आहे. त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, बल्ब कोणता?

उजेड लक्समध्ये मोजतात. आपलं भरदुपारचं ऊन लाखभर लक्सचं असतं. माझ्या फॅलेनॉप्सिस जातीच्या ऑर्किडला दहा-पंधरा हजार पुरतात, त्याहून जास्त झालं की पानं करपतात. आणि मार्चपासून आपण खिडक्या लावून, पडदे ओढून बसतो. त्या खोलीत ट्यूबखाली दोन-तीनशे लक्स भरतात. आपल्याला वाचायला तेवढा उजेड पुष्कळ झाला, पण झाड त्यात उपाशी राहतं. पानं गर्द हिरवी, तजेलदार होतात, आपण खूश होतो आणि फूल काही येत नाही. पान गवतासारखं फिकट हिरवं असावं, हे समजायला मला दोन वर्षं लागली.

दिवे साधे आहेत. वीस वॅटच्या दोन पांढऱ्या एलईडी बॅटन, ६५०० केल्विनच्या, म्हणजे थंड पांढऱ्या उजेडाच्या, पानांपासून वीतभर वर. दिवसाला अर्धं युनिट जळतं. झाडांसाठीचा जांभळा दिवा आणला होता, त्याच्या उजेडात पानाचा खरा रंगच कळेना, म्हणून काढला. बल्ब लावणार असाल तर अंतर आधी बघा, तो दुप्पट लांब नेला की उजेड पावच उरतो.

इथवर सगळ्यांना सांगते. पुढचं सांगत नाही.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत पहिल्यांदा फुलांचा दांडा निघाला. एप्रिलपर्यंत सात कळ्या धरल्या. त्याच सुमारास आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ती माझ्याकडे राहायला आली. घरातली गार खोली एकच, झाडही तिथंच. कळ्या लवकर उमलाव्यात म्हणून मी दिवे रात्रीही चालू ठेवले. आई भिंतीकडे तोंड करून, डोळ्यांवर पदर घेऊन पडायची. तिसऱ्या रात्री म्हणाली, "काहून रातभर जागवायलीस गं त्याला? मला बी डोळा लागंना." मी म्हटलं, "आठच दिवस, आई. फुलं आली की बंद करते." ती पुन्हा काही बोलली नाही. मी दिवा विझवला नाही.

पाचव्या दिवशी पहिली कळी पिवळी पडून गळाली. मग रोज एक. शेवटची गळाली त्या सकाळी आई म्हणाली, "माझ्या श्वासानं तर नसंल ना झालं?" ते अजून माझ्या मनातून जात नाही.

नंतर वाचलं. फॅलेनॉप्सिस पानांची रंध्रं, म्हणजे बारीक छिद्रं, मुख्यतः रात्री उघडतं, कार्बन डायऑक्साइड तेव्हाच आत घेतं. अंधार हीसुद्धा त्याची गरज आहे. तेव्हाची मी आजही वाद घालते: एप्रिलची कोरडी हवा होती, बोअरचं जड पाणी होतं, कळ्या त्यानंही गळतात. खरं आहे. दिव्यानंच गळाल्या असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण ती तेव्हाची मी म्हणते, मला माहीत नव्हतं, तेव्हा आजची मी गप्प होते. झाडाचं माहीत नव्हतं. आईचं तर डोळ्यांसमोर होतं.

आणि नुसत्या दिव्यानं दांडा निघत नाही, हेही ऐका. त्याला काही आठवडे गारवा लागतो. आपल्या डिसेंबरच्या रात्री तो फुकट देतात. मी खिडकी किलकिली ठेवते, झाड थेट वाऱ्यात ठेवत नाही, ते थंडीनं अंग टाकतं. दिवे सकाळी सातला लावते, संध्याकाळी सातला बंद.

यंदा पुन्हा दांडा निघालाय, बोटभर. आई आता भावाकडे गावी असते. तिला फोनवर सांगितलं.

"रात्री इझवतीस नं?" तिनं विचारलं.

"विझवते."

"बरं," म्हणाली, आणि हुरड्याला कधी येतेस ते विचारू लागली.