पावसात फुटलेला ग्रुप

मी कोल्हापुरात लायसन्सवाल्या वर्कशॉपमध्ये रायफल रिपेअर करतो. स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं तेव्हापासून पॉइंट टू टू बोअरची रायफल घेऊन येणारी पोरं वाढलीत आमच्याकडे.

तर हे मागच्या जुलैतलं. ज्युनियरची एक पोरगी आली, सोबत सर आणि वडील. जुन्या बॅरलला चेंबरजवळ (काडतूस बसतं तिथं) गंजाचे खड्डे पडलेले म्हणून थंडीत दुसरीकडून नवीन बसवून घेतलेली, उन्हाळाभर झकास चालली आणि पाऊस लागला तसा ग्रुप फुटला, म्हणजे एका जागी लागणाऱ्या गोळ्या वेगवेगळ्या जागी लागायला लागल्या. सर म्हणत होते ही ट्रिगर झटकते, वडील म्हणत होते बॅरल खराब निघाली परत करू, आणि पोरगी खाली मान घालून "काका, माझंच काहीतरी चुकतंय".

मी आधी कार्ड मागितलं, म्हणजे गोळ्यांची भोकं पडलेला टार्गेटचा कागद. दहा राउंड. सहा वर उजवीकडे एकमेकांना चिकटून, चार खाली डावीकडे तेही चिकटून, सगळं मिळून 34 मिमी. आता 50 मीटरला दहाची रिंग 10.4 मिमीची असते म्हणजे बघा. पण ट्रिगर झटकणाऱ्याचं कार्ड असं नसतं हो, ते विखुरतं. पोरगी नीटच मारत होती, रायफल दोन जागी बसत होती.

क्राउन, म्हणजे बॅरलच्या तोंडाची कड, भिंगाखाली बघितला, कापसाचा बोळा आतून बाहेर फिरवला, एक तंतू अडकला नाही. बॅरल अ‍ॅक्शनमध्ये (बोल्ट आणि ट्रिगर बसतात तो लोखंडी भाग) घट्ट, हेडस्पेस (बोल्ट बंद केल्यावर काडतुसाला मिळणारी जागा) बरोबर. मग साधा कागद बॅरल आणि स्टॉकच्या, म्हणजे रायफलच्या लाकडी दांड्याच्या, मधून पुढून मागं सरकवत आणला तर अ‍ॅक्शनच्या चार बोटं आधी अडकला! डायल गेज (बारीक हालचाल मोजायचं मीटर) लावून स्टॉकला धरणारा मागचा स्क्रू सैल केला, काटा 20 घरं सरकला, म्हणजे 0.2 मिमी. नवीन बॅरल मागच्या बाजूला जुनीपेक्षा किंचित जाड होती आणि बसवणाऱ्यानं स्टॉकमधली बॅरलची खाच जेमतेम घासलेली, थंडीत तेवढी फट पुरली पण आमच्या पावसात अक्रोडाचं लाकूड फुगलं आणि बॅरलला खालून रेटायला लागलं, त्यात स्क्रू आवळला की अ‍ॅक्शन वाकायची. गोळी बॅरलमध्ये असते ती जेमतेम दोन-तीन मिलिसेकंद, तेवढ्यात बॅरल थरथरते आणि ती थरथर दरवेळी सारखीच पाहिजे, इथं प्रत्येक राउंडला अ‍ॅक्शन जागा बदलत होती.

खाच मोकळी केली, उघड्या लाकडाला सीलर मारला, स्क्रूंभोवती अ‍ॅल्युमिनियमचे पिलर (नळकांडी) बसवले, अ‍ॅक्शनखालचं दोनेक मिमी लाकूड काढून एपॉक्सी भरला. लोखंडाला मेणाचे तीन हात दिले, इथं घाई केली तर अ‍ॅक्शन कायमची चिकटते. दुसऱ्या दिवशी लाकडी हातोडीनं हळूच ठोकून सोडवली, आतला ठसा आरशासारखा, एकही बुडबुडा नाही. ते बघायला मला अजूनही फार आवडतं. दोन्ही स्क्रू टॉर्क रेंचनं 5 न्यूटन-मीटरला आवळले, परत सैल करून बघितलं, काटा दीड घर.

संध्याकाळी रेंजवर त्याच लॉटचे दहा राउंड वाळूच्या पिशवीवरून मी मारले, 15 मिमीचा एकच ग्रुप. मग ती स्लिंग (रायफल हाताला धरून ठेवणारा पट्टा) लावून आडवी पडली. दहाच्या दहा नऊच्या रिंगच्या आत. कार्ड बघून काही बोलली नाही, सरळ जाऊन सरांच्या हातात दिलं.