शिमोन-हन्नाचा मेळावा

जानेवारी संपत आला की आमच्या ठाण्याच्या चर्चच्या मंडळीत ज्येष्ठांच्या मेळाव्याची गडबड सुरू होते. महिला मंडळाचे कार्यक्रम वर्षभर चालूच असतात. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन, हंगामाच्या सणाला भाज्या-नारळांचा लिलाव, आणि नाताळचं तर बोलायलाच नको. पण माझा जीव गुंतलाय तो या मेळाव्यात.

तो २ फेब्रुवारीच्या आसपासच्या शनिवारी ठेवण्यामागे कारण आहे. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे मुलगा झाला की चाळीस दिवसांनी आईच्या शुद्धीकरणाचा विधी असे. त्यासाठी योसेफ आणि मरीया बाळ येशूला घेऊन यरुशलेमच्या मंदिरात गेले. नाताळपासून दिवस धरले तर तो दिवस २ फेब्रुवारीला येतो. मंदिरात तेव्हा माणसांची ये-जा असणारच, पण हे बाळ कोण आहे ते ओळखलं शिमोन आणि हन्ना या दोघांनी. शिमोनाचं वय शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकनं लिहिलेलं नाही. मात्र बाळाला हातांत घेऊन ‘आता मी शांतीनं जायला मोकळा झालो’ अशा अर्थाचं तो जे बोलतो, त्यावरून तो वाट पाहून थकलेला म्हातारा असावा असंच सगळे धरून चालतात. हन्नाबद्दल मात्र लिहिलंय. सात वर्षांचा संसार, मग वैधव्य आणि ८४चा आकडा. मंदिर न सोडता रात्रंदिवस उपास आणि प्रार्थना करणारी बाई. त्यामुळे पत्रिकेवर ‘ज्येष्ठांचा मेळावा’ छापलं, तरी तोंडी नाव ‘शिमोन-हन्नाचा मेळावा’ हेच.

मी पहिल्यांदा गेले ती सतरंज्या घालायला आणि पाणी वाटायला. तेव्हाचे आमचे म्हातारे बहुतेक नगर जिल्ह्यातले. कुणी नोकरीच्या शोधात आधीच आलेले, कुणी १९७२च्या दुष्काळात गाव सोडलेले. पुरुष वागळे इस्टेटच्या कारखान्यांत लागले, बायकांपैकी कित्येकींनी दवाखान्यांत नर्स किंवा आया म्हणून उभा जन्म काढला. कोपरीत, कळव्यात एका खोलीत संसार केले. भेटले की दोन्ही हात हातात घेऊन ‘सलाम’ म्हणायचे. ठाण्यात इतकी वर्षं काढूनही बोली नगरचीच होती. ‘काय म्हणती तब्येत?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘प्रभूनं चालवलंय.’

सुरुवात गायनानं होई. उपासना संगीताची पुस्तकं आम्ही वाटायचो, पण ती बहुतेकांच्या मांडीवर मिटलेलीच राहायची. पुस्तक वाचता न येणाऱ्या आज्यांनाही पाच-पाच कडवी तोंडपाठ. पेटीवाल्या काकांना शेवटच्या काही वर्षांत आम्हा कुणाची नावं आठवत नसत. समोर पेटी आली की मात्र सूर बरोबर सापडायचा, आणि कुणी कडवं गाळलं तर ते थांबून परत घ्यायला लावायचे.

मग पाळकसाहेबांचा, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंचा, संदेश. खरं सांगते, अशा ठिकाणी पाहुणे वक्ते येऊन ‘वय म्हणजे नुसता आकडा, मनानं तरुण राहा’ असं सांगतात, ते मला पटत नाही. गुडघे धरलेत, एका कानानं ऐकू येत नाही, जोडीदार गेलाय, त्या माणसाला हे सांगून काय मिळणार? पवित्र शास्त्र असं बोलत नाही. एकाहत्तराव्या स्तोत्रातला म्हातारा उघड विनवतो की माझी शक्ती सरत चालली आहे, उतारवयात मला टाकू नकोस. टाकून दिलं जाण्याची भीती त्यालाही होती आणि ती त्यानं देवापुढे मांडली. ती भीती मनात येणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे, हे कळल्यावर समोरच्या चेहऱ्यांवर जो मोकळेपणा यायचा, तो मी पाहिलाय.

एका वर्षीचा संदेश मी विसरणार नाही. योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय होता. येशू आपल्या शिष्याला, पेत्राला, सांगतो की तू तरुण होतास तेव्हा स्वतः कंबर बांधून हवं तिथे जात होतास, म्हातारा होशील तेव्हा हात लांब करशील, दुसरा तुझी कंबर बांधील आणि तुझी इच्छा नसेल तिथे तुला नेईल. पाळकसाहेबांनी सरळ सांगितलं की हे पेत्राच्या मरणाविषयी आहे, योहानानं पुढच्याच ओळीत तसा खुलासा केलाय. संदेश झाल्यावर साक्ष द्यायला एक निवृत्त नर्सबाई उठल्या. उठल्या म्हणजे सुनेनं उठवलं. पक्षाघातानं उजवी बाजू गेली होती. जीभ जड झालेली, शब्द जुळवत जुळवत त्या बोलल्या. ‘मी तीस वर्षं लोकांना आंघोळी घातल्या. आता ही मला घालते. पहिले सहा महिने मी भिंतीकडं तोंड करून रडत होते. पण येशूनं हे पेत्राला सांगितलं आणि लगेच म्हणाला, माझ्यामागे ये. ज्याला दुसऱ्यानं उचलून न्यावं लागतं त्यालाबी मागं येता येतं, नाहीतर प्रभूनं म्हटलंच नसतं.’ एवढं बोलून त्या बसल्या. सूनबाई त्यांच्या पदराची पिन नीट करत राहिली.

इतिहास शिकवून निवृत्त झालेले एक गुरुजी दर वर्षी ठाण्याची एक गोष्ट सांगत, आणि दर वर्षी ती आम्हाला हवीच असे. १३२१ साली चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू जहाजानं ठाण्याला येऊन पोचले, इथल्या ख्रिस्ती घरात उतरले आणि इथेच हुतात्मा झाले. त्यांच्यातले टोलेंटिनोचे थॉमस साठी ओलांडलेले होते. गुरुजींचा आवाज इथे चढायचा. ‘साठीनंतर हा माणूस चीनला निघाला होता, आणि आपण म्हणतो जिना चढवत नाही!’

या मेळाव्याचा खरा गाभा मात्र चिठ्ठ्या. फेब्रुवारी म्हणजे दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर आलेल्या. संडे स्कूलमधून पुढे गेलेल्या ज्या मुलांची बोर्डाची परीक्षा असे, त्यांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून टोपलीत ठेवायची आणि प्रत्येक ज्येष्ठानं एक उचलायची. त्या मुलासाठी निकालापर्यंत रोज प्रार्थना करायची. मुलं कमी पडली तर आजाऱ्यांची, नोकरी शोधणाऱ्यांची नावं घालायची. ही कल्पना मंडळाच्या जुन्या अध्यक्षीणबाईंची. त्या म्हणायच्या, ‘हन्नाला देवळात काम होतं. आपल्या म्हाताऱ्यांना आपण नुसती शाल देतो. काम द्या.’

कळव्याच्या एका आजींना वाचता येत नव्हतं. त्यांनी चिठ्ठी बटव्यात ठेवली आणि पुढच्या रविवारी मला धरलं. ‘पोरीचं टाइमटेबल सांग.’ मी सांगत गेले तसं त्या बोटांच्या पेरांवर वार धरत गेल्या. भूमितीचा पेपर कोणत्या वारी, किती वाजता, किती वेळ. मग प्रत्येक पेपरच्या दिवशी अकराच्या ठोक्याला त्या खाटेवर मांडी घालून बसायच्या, घरातल्यांनी रेडिओ बंद करायचा. भूमिती हा शब्दही त्यांना आधी माहीत नव्हता. मुलगी गणितात राहिली. मला वाटलं, आता आजींना कसं सांगावं? त्यांनीच विचारलं, ‘आता पुन्यांदा कधी?’ ऑक्टोबरला म्हटल्यावर म्हणाल्या, ‘मग ती चिठ्ठी माझ्याकडंच राहू दे.’ ती ऑक्टोबरला पास झाली. पण माझ्या मनात राहिलंय ते मधल्या महिन्यांतलं आजींचं बोलणं. घरी सगळे कामाला गेले की दिवस खायला उठायचा, आता तसं होत नाही, असं त्या म्हणायच्या. ‘माझ्या गळ्यात एक पोर हाये ना.’

म्हातारपणी विश्वासाचा आधार म्हणजे काय, हे मला तिथे दिसलं. स्वर्गाची आशा आहेच, ती तर पाया. पण जिन्याखाली उतरता येत नाही, पैसा हातात नाही, कुणी सल्ला विचारत नाही, अशा दिवसांतही देवापुढे आपला शब्द चालतो आणि तो दुसऱ्या कुणासाठी खर्च करता येतो, हा भरवसा फार मोठा आहे. मी तो तरुणपणी नुसता पाहिला. आता तो मला लागतो.

प्रीतिभोजनाला रस्सा, बाजरीची भाकरी आणि मऊ भात. हात थरथरणाऱ्यांची भाकरी तरुण संघाच्या मुलांनी रश्श्यात कुस्करून द्यायची, असा मंडळाचा नियम आहे. संध्याकाळी पाळकसाहेब अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस, घेऊन जातात आणि टोपलीही सोबत नेतात, म्हणजे त्यांनाही चिठ्ठी उचलता येते.

आता माझी जागा खुर्च्यांच्या रांगेत आहे. नगरची बोली ऐकू येईनाशी झाली. आजचे ज्येष्ठ घोडबंदर रोडच्या उंच इमारतींत राहतात, मुलं पुण्याला नाहीतर परदेशात, आणि दुपारचा एकटेपणा पूर्वीपेक्षा जास्त आहे. आमच्या कॅथोलिक शेजारणीही सांगतात की २०२१पासून पोपसाहेबांनी जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबांसाठी ठरवून दिलाय, त्याची त्या वाट पाहतात. गरज सगळीकडे सारखीच आहे.

यंदा तरुण संघाची मुलं गाड्या घेऊन घरोघरी जाणार आहेत. लिफ्ट नसलेल्या इमारतींतून खुर्चीत बसवून उतरवायला दोन-दोन जण असतील. तुमच्या ओळखीत, शेजारात असं कुणी घरात बसून असेल, तर मंडळात कळवा. ते आमच्या मंडळीचे सभासद असलेच पाहिजेत असं नाही. चिठ्ठी मात्र त्यांनाही उचलावी लागेल.