अमरपेठ डोक्यात घेऊन त्र्यंबकला

पौष वद्य नवमीची पहाट. रामकुंडावर थंडी अशी की टाळकऱ्यांची बोटं आखडली होती. आमची दिंडी लहान, चाळीसेक माणसांची. पुढे पताका, मग टाळकरी, मध्ये विणेकरी, मागे तुळस घेतलेल्या बाया. मी बायांच्याही मागे. पाठीवर सॅक, सॅकमध्ये स्वेटर, पाण्याची बाटली, एक वही आणि जुन्या पंच्यात गुंडाळलेला बाबांचा टाळ.

बाबा बावीस वर्षं पौषवारी करत होते. नाशिक ते त्र्यंबकेश्वर, जेमतेम तीस किलोमीटर. आषाढीसाठी निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकहून पंढरपूरला जाते. पौषात गावोगावच्या दिंड्या निवृत्तिनाथांच्या भेटीला त्र्यंबकला येतात. बाबांना आषाढीत इतके दिवस रजा मिळायची नाही, म्हणून त्यांची वारी ही पौषातली. मागच्याच्या मागच्या दिवाळीत ते गेले. त्या पौषात माझ्याच्याने घराबाहेर पडवलं नाही. यंदा निघाले.

वहीबद्दल सांगायला हवं. सहा वर्षं मी एक कादंबरी लिहिते आहे. तिच्यात कल्पनेतलं एक नगर आहे, अमरपेठ. या नगरात स्मशान नाही. नदी आहे, पण नदीला घाट नाही. लाकडाची वखार टाकायला बंदी, कारण लाकूड आलं की सरण आलं. माणूस मेला की जागरपंथाचे लोक घरी येतात, रात्रभर त्याच्या कानाशी काही पुटपुटत बसतात, आणि उजाडताना तो उठून उभा राहतो. डोळे उघडे, पण ओळख नाही. अशांना नगरात ‘उभे’ म्हणतात. उभे विहिरीचं पाणी शेंदतात, घाणा ओढतात, वेशीवर पहारा देतात. त्यांना भूक नाही, झोप नाही, कंटाळा नाही. आणि सगळ्यांच्या वर ‘थोरले’. ते मेले त्याला तीनशे वर्षं झाली, गादी अजून त्यांचीच आहे.

हे सगळं मी नुसतं हवेतून काढलेलं नाही. पेरूमधल्या कुस्को शहरात इंका राजा मेला तरी त्याची मालमत्ता त्याचीच राहायची. त्याचं शव सुकवून जपायचे, सणावाराला चौकात आणून बसवायचे, त्याच्यापुढे मक्याची दारू ठेवायचे. त्याच्या जमिनी, वाडे, नोकरचाकर हे सगळं त्याचे वंशज त्याच्या नावाने सांभाळायचे. नव्या राजाला आपलं सगळं नव्याने कमवावं लागायचं. वास्कार नावाच्या राजाने मेलेल्यांच्या या जमिनींना हात घालायचं मनात आणलं, तर मोठमोठी घराणी त्याच्यावर उलटली. पुढे स्पॅनिश आले, तेव्हा लोक ही शवं लपवत फिरले. १५५९ साली पोलो दे ओंदेगार्दो या अधिकाऱ्याने त्यांतली बरीच हुडकून काढली. हे वाचलं तेव्हा मी रात्रभर जागी होते. मेलेल्यांचं राज्य माणसांनी खरोखर चालवून पाहिलेलं आहे.

पण माझी कादंबरी अडली होती. माझी मैत्रीण, जी प्रत्येक प्रकरण वाचते, ती दर वेळी एकच विचारायची: “जिवंत माणसं तिथे राहतात कशाला? पळून का जात नाहीत?” मी भीती लिहिली. पहारे लिहिले, शिक्षा लिहिल्या, थोरल्यांचा दरारा लिहिला. पानं वाढली, उत्तर आलं नाही. ते मलाही कळत होतं.

सातपूर यायच्या आत उजाडलं नव्हतं. विजेऱ्यांचे झोत रस्त्यावर हलत होते, मागून पाहिलं तर माणसं दिसत नव्हती, नुसते उजेड चालत होते. मला आजीची वेताळाची पालखी आठवली. अमावास्येच्या रात्री डोंगराच्या धारेवरून मशाली जाताना दिसल्या की समजायचं, वेताळ आपली भुतं घेऊन फिरायला निघाला. बघायचं नाही, हाक मारायची नाही, अंथरुणात तोंड झाकून पडायचं. पण तळकोकणात आरवलीला त्याच वेताळाचा वेतोबा होतो. देव होतो आणि गावाची राखण करतो. लोक त्याला नवसाचे केळ्यांचे घड आणि मोठाल्या चामडी चपला वाहतात. रात्री गावाभोवती फिरून त्या चपला झिजतात अशी श्रद्धा. मी त्या चपला पाहिल्या आहेत, हातभर लांब. आपल्या लोकांना मेलेल्यांच्या जगाची भीती वाटली, तरी त्या जगाच्या धन्याच्या पायाला खडे टोचतील याचीही काळजी वाटली. हे मला फार मोठं वाटतं. अमरपेठेत असं कुणी कुणासाठी चपला शिवत नाही, आणि ते मी लिहायचं विसरले होते.

पिंपळगाव बहुल्याच्या पुढे ऊन आलं. महिरावणीला चहासाठी थांबलो तेव्हा विणेकरी आबा जवळ आले. बाबांना ओळखणारे. म्हणाले, “माउली, टाळ आणलाय ना वडिलांचा? मग सॅकेत कशापायी?”

मी म्हटलं, “आबा, मला वाजवता येत नाही. आणि दोरी खराब झालीय.”

“काढ बघू.”

मी पंचा सोडला. वर्षभराने प्रथमच. पितळ काळवंडलं होतं. दोन वाट्यांना जोडणारी दोरी जिथे भोकातून आत जाते तिथे झिजून चार धाग्यांवर आली होती. गाठीच्या आत बाबांच्या बोटांचा मळ तसाच होता, काळा, गुळगुळीत. मी ती दोरी धुतली नव्हती, कापायचा तर प्रश्नच नव्हता. आबांनी टाळ हातात घेतला, उलटा करून पाहिला, आणि माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. त्यांनी खिशातून चाकू काढून दोरी कापली, पताकेच्या काठीला बांधायची नवी सुती दोरी होती तिच्यातली वीतभर घेतली, टोक जिभेवर ओलं करून पीळ दिला आणि भोकातून ओवून आत घट्ट गाठ मारली. जुनी दोरी माझ्या तळहातावर ठेवली. “ही तुझी. टाळ दिंडीचा.”

पुढचे तीन तास मी टाळ वाजवला. चुकत, मागे पडत. उजवा हात भरून आला, दोरीचा वळ तर्जनीवर उठला. शेजारी निफाडकडच्या एक मावशी होत्या, त्या नुसत्या मानेने मला ठेका दाखवत होत्या.

खंबाळ्याच्या पुढे त्यांनी विचारलं, “काय लिव्हती गं वहीत?” मी दबकतच सांगितलं. मेलेल्यांचं नगर, थोरले, उभे. वारीच्या वाटेवर हे अभद्र वाटेल असं मला वाटत होतं. मावशींना अजिबात तसं वाटलं नाही. थोरल्यांचं ऐकून त्या म्हणाल्या, “म्हंजे चांगदेवच की.”

आणि खरंच की. चौदाशे वर्षं काळाला चकवत जगलेला योगी, अशी त्यांची कथा. मरणाची वेळ आली की प्राण कोंडून धरायचे, वेळ टळली की पुन्हा देहात. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन ते निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताबाई या चार पोरांना भेटायला आले, आणि त्याआधी पत्र धाडलं ते कोरं, कारण वयाने मोठं म्हणून लिहावं की ज्ञानाने लहान म्हणून, हेच ठरेना. ते कोरं पत्र बघून लहानगी मुक्ताबाई म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला. निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानेश्वरांनी त्या कोऱ्या पत्राला पासष्ट ओव्यांनी उत्तर दिलं, आणि पुढे चांगदेवांनी मुक्ताबाईलाच गुरू केलं. मी परदेशी पुस्तकांतून न मरणारे राजे-जादूगार गोळा करत बसले होते, आणि आपल्याकडे सातशे वर्षांपूर्वी एका मुलीने त्या प्रकाराचा एका वाक्यात निकाल लावला होता.

मुक्काम अंजनेरीच्या पायथ्याला होता. पिठलं-भाकरी झाली, भजन झालं. कांबळ्यात पाय घेऊन बसलो तेव्हा मावशींनी तो विषय पुन्हा काढला. दुपारपासून त्यांच्या डोक्यात तेच होतं.

“त्या तुझ्या गावातल्या लोकांनी माणसं दिली कशी गं त्या पंथाला?”

“भीतीने, मावशी.”

“भीतीनं न्हाई देत कुणी.” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. “माझे मालक गेले त्याला नऊ वर्सं झाली. त्या राती कुणी येऊन म्हणलं असतं, उठवून देतो, वळखायचा न्हाई, बोलायचा न्हाई, पण दारात उभा ऱ्हाईल, तर मी दिला असता. हात जोडून दिला असता.”

मी काहीच बोलू शकले नाही. बाबांचा मोबाईल नंबर मी अजून दर अठ्ठावीस दिवसांनी रिचार्ज करते. फोन कपाटात आहे, चार्ज करून ठेवलेला. आईला माहीत नाही. मी त्या नंबरवर कधी फोन लावत नाही, लागतो एवढं पुरतं. सहा वर्षं ज्याचं उत्तर मी पहाऱ्यांत आणि शिक्षांत शोधत होते, ते माझ्या कपाटात पडलेलं होतं. जागरपंथ कुणाचं दार फोडत नाही. लोक स्वतः रात्री धावत जाऊन त्यांना बोलावून आणतात. आणि एकदा आपलं माणूस वेशीवर उभं राहिलं, की ते नगर सोडून जायचं कसं?

दशमीला सकाळी पेगलवाडी मागे टाकून त्र्यंबकला पोचलो. ब्रह्मगिरी अर्धा धुक्यात. गाव दिंड्यांनी भरून गेलं होतं, ज्या गल्लीत जावं तिथे मृदंग. त्या गर्दीतही मुंडण केलेली, पांढऱ्या वस्त्रातली माणसं दिसत होती, नारायण नागबळीसाठी आलेली. तीन दिवसांचा विधी. त्यात कणकेचा देह करतात आणि ज्यांना धड मरण आलं नाही, ज्यांचं काही मागे अडकून राहिलं, त्यांच्या नावाने त्या देहाचे अंत्यसंस्कार करतात. एरवी मी या विधींकडे संशयाने बघते, त्यात चालणारा पैशांचा व्यवहार मला खुपतो. पण त्या दिवशी कणकेचा देह करण्यामागची अडचण मला कळली. निरोप द्यायला समोर काहीतरी लागतं. आम्ही बाबांच्या अस्थी रामकुंडात सोडल्या, तिथे अस्थी विरघळून जातात अशी श्रद्धा आहे, तेव्हा मी पायरीवर उभी राहून पाण्याकडे न बघता समोरच्या देवळाकडे बघत होते.

एकादशीला पहाटे तीनपासून दर्शनाच्या रांगेत होतो. पुढे निवृत्तिनाथांची समाधी, मागे मावशी. रांगेत आबा हळू आवाजात बोलत होते. ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली १२९६ साली, कार्तिक वद्य त्रयोदशीला. नामदेवांनी त्या प्रसंगाचे अभंग लिहिले आहेत. धाकट्या भावाचा हात धरून त्याला आत नेऊन बसवणारे निवृत्तिनाथच. ते भाऊही होते आणि गुरूही. आणि बाहेर आल्यावर दारावर शिळा लावली तीही त्यांनीच. मग सासवडला सोपानदेव. मग तापीकाठी मुक्ताबाई विजेच्या कडकडाटात गेली. आणि शेवटी ज्येष्ठात, इथे त्र्यंबकला, ते स्वतः. कार्तिक ते ज्येष्ठ, सात महिने. थोरल्याने तिन्ही धाकट्यांना पोचवलं आणि मग आपण गेला.

“योगी होते,” आबा म्हणाले, “धरून ठेवता आलं असतं त्यांना. ठेवलं न्हाई. रडले मात्र लई.”

समाधीपाशी क्षणभरच थांबता येतं, मागून रेटा असतो. मी डोकं टेकलं. दगड गार होता. जुनी दोरी माझ्या मुठीत होती, ती तिथे ठेवायची असं रात्री ठरवलं होतं. ठेवली नाही. ती आत्ता, हे लिहिताना, वहीत आहे. रिचार्जचं काय करायचं तेही अजून ठरलेलं नाही, तारीख पुढच्या आठवड्यात आहे.

पण दुपारी कुशावर्ताजवळच्या एका पायरीवर बसून, भगर आणि शेंगदाण्याची आमटी खाऊन झाल्यावर, मी अमरपेठेचं पहिलं प्रकरण खोडलं. पहारे गेले, शिक्षा गेल्या. आता ते असं सुरू होतं: पहाटेची वेळ आहे. नगराच्या वेशीवर एक मनुष्य येतो, चाळिशीचा, दूरवरून चालून आलेला. पाठीवर दोरीने बांधलेली एक सपाट शिळा आहे. त्याचा धाकटा भाऊ या नगरात उभा आहे, तेरा वर्षांपासून, घाण्याला. वेशीवरचे उभे पहारेकरी काही विचारत नाहीत, त्यांना विचारता येत नाही. पण आत पाणी भरायला निघालेली एक जिवंत बाई थांबते, त्या शिळेकडे बघते, आणि म्हणते, “दादा, एवढं जड काय आणलंत?”