‘इतर’ या रकान्यात अडकलेला लॅक्रॉस

जिथे आजवर कोणी लॅक्रॉस खेळलेले नाही, तिथे हा खेळ सुरू करायचा म्हटल्यावर खेळाडू मिळणार नाहीत, स्टिक मिळणार नाहीत, शिकवायला कोणी मिळणार नाही, अशा सूचना मला अनेकांनी दिल्या होत्या. यांपैकी एकाही गोष्टीने मला अडवले नाही. खेळाडू तीन आठवड्यांत जमले, परदेशातल्या एका क्लबने वापरलेल्या वीस स्टिक पाठवल्या आणि विद्यापीठात असताना चार वर्षे खेळलेला एक प्रशिक्षक ओळखीतून सापडला. मला आठ महिने अडवून ठेवले ते मैदान आरक्षित करण्याच्या एका अर्जाने, आणि त्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

त्या अर्जात खेळांची छापील यादी होती व तिच्यातल्या एका नावावर खूण करायची होती. लॅक्रॉस अर्थातच तिथे नव्हता, पण शेवटी ‘इतर’ असा रकाना होता. मार्च २०२३ मध्ये मी त्यावर खूण करून शेजारी खेळाचे नाव लिहिले. ‘खेळाचे स्वरूप स्पष्ट करावे’ असा शेरा घेऊन अर्ज पंधरा दिवसांनी परत आला. मी दोन पाने लिहिली : टोकाला जाळीची झोळी असलेल्या स्टिकने भरीव रबरी चेंडू झेलायचा, झुलवत पळवायचा, फेकायचा आणि सहा फूट रुंद व सहा फूट उंच गोलात मारायचा, गोलरक्षकाखेरीज कोणी चेंडूला हात लावायचा नाही. खिडकीवरच्या लिपिकाने ‘स्टिक’ हा शब्द वाचला आणि हॉकीवर खूण करा, काम लवकर होईल, असे सुचवले. घाईच्या भरात मी ते ऐकले. या सगळ्या प्रवासातली माझी सर्वांत महागात पडलेली चूक हीच.

हॉकीच्या नावाखाली अर्ज गेल्याबरोबर हॉकी संघटनेचे ना हरकत पत्र मागितले गेले. संघटनेने ते द्यायला नकार दिला आणि त्यात त्यांची काही चूक होती असे मी म्हणणार नाही, कारण त्यांच्या खेळात चेंडू बहुतेक वेळ जमिनीलगत असतो, आमच्या खेळात तो डोक्यावरून जातो, आणि अशा खेळाची जबाबदारी त्यांनी स्वतःच्या विम्यावर का घ्यावी? अर्ज मागे घ्यावा लागला, नवा आवक क्रमांक पडला आणि आधीचे दहा आठवडे वाया गेले. तुमच्या खेळाला जवळचा वाटणारा कोणताही दुसरा खेळ कोणी सुचवला, तरी त्या नावावर खूण करू नका. परत येण्याचा रस्ता जाण्याच्या रस्त्यापेक्षा लांब असतो.

दुसऱ्या अर्जावर त्रुटी निघाल्या, पण एकत्र नव्हे, एकेका महिन्याच्या अंतराने एकेक. आधी चेंडूचे वजन विचारले. ते सुमारे १४५ ग्रॅम असते असे मी कळवले. मग चेंडू कुंपणाबाहेर गेला तर काय, असे विचारले. त्यानंतर खेळाडूंपैकी निम्म्यांना हेल्मेट आणि निम्म्यांना फक्त गॉगल का, असा प्रश्न आला. हा शेवटचा प्रश्न योग्य होता व तो माझ्यामुळे उद्भवला होता. पुरुषांच्या खेळात अंगावर धडक देऊन अडवण्याची मुभा असते, त्यामुळे हेल्मेट, हातमोजे आणि खांद्याचे पॅड लागतात. महिलांच्या खेळात तशी धडक निषिद्ध असल्याने डोळ्यांचे संरक्षण आणि दातांसाठी माउथगार्ड एवढे पुरते. मी दोन्ही नियमावल्या एकाच परिशिष्टात जोडल्या होत्या आणि हा फरक कुठेच लिहिला नव्हता. तुम्ही तो पहिल्याच पानावर लिहा.

मात्र कुंपणाच्या प्रश्नाने मला एक उपयोगाची गोष्ट शिकवली. मी आधी दहा जणांच्या पारंपरिक सामन्यासाठी मैदान मागितले होते. ते ११० यार्ड लांब व ६० यार्ड रुंद असते, म्हणजे १०५ बाय ६८ मीटरच्या फुटबॉल मैदानात ते बसते खरे, पण दोन्ही टोकांना गोलांमागच्या रेषेपलीकडे जेमतेम दोन मीटर उरतात. ‘सिक्सेस’ या सहा जणांच्या नव्या प्रकाराचे मैदान ७० बाय ३६ मीटरचे असते. तेच फुटबॉल मैदानाच्या मध्यभागी आखले, तर दोन्ही टोकांना साडेसतरा मीटर आणि बाजूंना सोळा-सोळा मीटर मोकळी जागा राहते. मी कागदावर मापाने नकाशा काढला, गोलांमागे उंच जाळी दाखवली आणि तो प्रश्न पुन्हा कोणी विचारला नाही. नव्या जागी सुरुवात करणाऱ्यांनी सिक्सेसचाच विचार करावा असे मला वाटते : राखीव खेळाडू धरून बारा जणांत एक संघ होतो, आठ-आठ मिनिटांचे चार भाग असतात आणि लांब दांड्याच्या बचाव-स्टिक लागत नाहीत.

त्रुटी संपल्या, तरी मंजुरी येईना. शेवटी मी एक स्टिक आणि एक चेंडू घेऊन कार्यालयात गेले, कारण आपण नेमके कशाबद्दल लिहितो आहोत हे त्या फायलीवर शेरे मारणाऱ्या कोणीही पाहिलेले नव्हते, हे मला असह्य झाले होते. एका तरुण कर्मचाऱ्याने स्टिक हातात घेतली, दोनचारदा चेंडू झोळीत तोलून पाहिला आणि मग मला जे सांगितले ते पहिल्याच दिवशी कोणीतरी सांगायला हवे होते. आरक्षणाच्या टेबलाला मैदान देण्याचा अधिकार होता, पण यादीत नवा खेळ घालण्याचा अधिकार नव्हता. तो अधिकार तीन महिन्यांतून एकदा बसणाऱ्या एका समितीचा होता. ‘इतर’ हा रकाना केवळ एकदिवसीय कार्यक्रमांसाठी होता. नियमित सरावासाठी त्या रकान्यातून मंजुरी मिळणे शक्यच नव्हते. म्हणजे माझा अर्ज, कितीही सुधारला तरी, ज्या टेबलावर फिरत होता तिथे तो निकाली निघूच शकत नव्हता. पाच महिन्यांत माझ्याकडून चार वेळा कागद मागवले गेले आणि एकदाही हे मला कळवले गेले नाही. ऑगस्टची बैठक चार दिवसांपूर्वी होऊन गेली होती, त्यामुळे आणखी तीन महिने थांबणे आले.

एक गोष्ट आत्ता आठवली म्हणून इथेच सांगते : प्रत्येक कागदाची पोच घ्या आणि तिच्यावर तारीख व पानांची संख्या लिहून घ्या. माझ्या नकाशाचे पान मधल्या काळात एकदा गहाळ झाले होते आणि पोच होती म्हणूनच मला नवा अर्ज करावा लागला नाही.

समितीसाठी मी वेगळा अर्ज केला. त्यात मैदानाचा उल्लेखही केला नाही, फक्त ‘लॅक्रॉस हा खेळ यादीत समाविष्ट करावा’ एवढीच मागणी ठेवली. सोबत इतिहास जोडला : उत्तर अमेरिकेतल्या आदिवासी राष्ट्रांचा, विशेषतः होडेनोशोनी लोकांचा हा खेळ, १८६७ मध्ये माँट्रिअलचे दंतवैद्य जॉर्ज बिअर्स यांनी लिहून काढलेले नियम, १९०४ आणि १९०८ च्या ऑलिंपिकमधील पदकांच्या स्पर्धा, १९६७ मध्ये चार संघांनी सुरू झालेली पुरुषांची जागतिक स्पर्धा आणि २०१८ मध्ये तिच्यातले ४६ संघ. वर्ल्ड लॅक्रॉस या जागतिक संघटनेला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२१ मध्ये दिलेल्या पूर्ण मान्यतेचा कागदही होता. तरीही सप्टेंबरमध्ये ‘खेळास आंतरराष्ट्रीय मान्यता असल्याचा पुरावा जोडावा’ असे पत्र आले. पुरावा सातव्या पानावर होता. त्या दिवशी मी खरोखर हा नाद सोडणार होते.

मग ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत झालेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी लॅक्रॉसचा सिक्सेस प्रकार मंजूर झाला. ती बातमी वाचताना मला आनंद झाला, आणि पुढच्याच आठवड्यात कार्यालयातून स्वतःहून दूरध्वनी आला तेव्हा तितकाच संतापही झाला. आमच्या खेळात, खेळाडूंत किंवा कागदांत सप्टेंबरपासून काहीही बदललेले नव्हते. तुमच्याकडे मान्यतेचा कागद असेल, तर तो सातव्या पानावर ठेवू नका. अर्जाच्या पहिल्या ओळीत त्याचा उल्लेख करा आणि प्रत अगदी वर लावा.

या प्रतीक्षेत होडेनोशोनी संघाचा प्रसंग मला वारंवार आठवत असे. २०१० मध्ये मँचेस्टरच्या जागतिक स्पर्धेला त्यांना जाता आले नाही, कारण त्यांच्या स्वतःच्या राष्ट्राचे पारपत्र ब्रिटनने स्वीकारले नाही. ज्यांनी जगाला हा खेळ दिला त्यांनाच कागदाने रोखले. २०२२ च्या ‘वर्ल्ड गेम्स’ या अनेक खेळांच्या जागतिक स्पर्धेतही त्यांना आधी स्थान नव्हते. आयर्लंडच्या संघाने आपली जागा सोडली तेव्हा ते खेळू शकले. आयर्लंडच्या त्या कृतीने मला टिकून राहायला बळ दिले.

नोव्हेंबरच्या बैठकीत समितीने मंजुरी दिली. मैदानाचा अर्ज त्यानंतर अकरा दिवसांत निकाली निघाला. मधल्या काळात आम्ही एका आंधळ्या भिंतीवर चेंडू मारून झेलण्याचा सराव करत राहिलो, आणि परवानगी येण्याची वाट पाहणाऱ्या प्रत्येक गटाला मी तो सुचवीन. दोन्ही हातांनी रोज शंभर वेळा झेलणाऱ्या खेळाडूला पुढे सारे सोपे जाते. फक्त जुने, गुळगुळीत झालेले चेंडू वेळीच बदला, कारण ते झोळीत नीट धरत नाहीत आणि नवख्याला वाटते की चूक आपलीच आहे.

या वर्षी दुसऱ्या एका गटाने त्याच कार्यालयात अर्ज केला. यादीत आता लॅक्रॉसचे नाव छापलेले आहे. त्यांनी त्यावर खूण केली आणि नवव्या दिवशी त्यांना मैदान मिळाले.