आप्पांच्या पावलाला पाऊल

माझ्या वडिलांची, आप्पांची, वारी अनेक वर्षांची. माझी मात्र यंदा पहिलीच. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर चालायचं, म्हणून अंगात बळ हवं, असं वाटलं होतं. खरं तर बळापेक्षा लक्ष जास्त लागतं. दिंडीत पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या ओळी, मधे पखवाज, मागे वीणेकरी आणि त्यांच्या मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. हातात टाळ असताना मन जरा ऑफिसात गेलं की ठेका निसटतो आणि शेजारच्याला लगेच कळतं. तो रागावत नाही, नुसता आपला टाळ थोडा जोरात वाजवतो. तेवढ्यानं आपण परत येतो.

पुणे ते सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा, सुमारे ३० किलोमीटरचा. त्यात दिवे घाट. त्या दिवशी एकादशी होती, म्हणजे उपवासही. माउलींच्या रथाला घाटात जादा बैलजोड्या लावतात, तेव्हा चढ केवढा ते ध्यानात येतं. मी आप्पांच्या शेजारी चालत होतो आणि त्यांच्याकडे निवांत बघत होतो. उजवा पाय ते किंचित बाहेर टाकतात. दम लागला की बोलणं थांबवतात, पण भजन सोडत नाहीत. एका घरात इतकी वर्षं काढली, पण त्यांना इतका वेळ सलग मी कधीच पाहिलं नव्हतं. घरी आम्ही समोरासमोर बसतो ते जेवायला, आणि तेव्हाही डोळे टीव्हीकडे.

सासवडच्या मुक्कामी कीर्तन संपलं आणि सगळे एकमेकांच्या पाया पडू लागले. वारकऱ्यांची ही रीतच आहे, लहान-मोठा बघायचा नाही. मी पुढच्या आजोबांना वाकून वळलो तर आप्पा माझ्या पायाशी वाकलेले.

"आप्पा, नको, अहो हे काय..."

"इथं बाप-लेक नसतो. माउली आहेस तू."

मी खाली वाकलो, त्यांनी मला उराशी धरलं. त्यांच्या अंगाला बुक्क्याचा आणि घामाचा वास होता. शेवटचं कधी त्यांनी मला असं जवळ घेतलं होतं, ते आठवत नाही. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. आजूबाजूला बरेच जण रडत होते.

पुढे रोज संध्याकाळी समाजआरतीला मी त्यांच्या अगदी जवळ उभा राहायचो. हजारो टाळ वाजत असतात, चोपदार काठी उंच करतो आणि सगळं एकदम शांत होतं. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तेवढी दिंडी टाळ वाजवत राहते, मग चोपदार जाऊन ऐकून घेतो. आपल्या माणसाचं गाऱ्हाणं ऐकायला बाकी सगळ्यांनी थांबायचं, ही पद्धत मला फार आवडली.

वाखरीच्या पुढे पंढरपूर जवळ आलं, तसे आप्पा अजून सावकाश चालू लागले. मीही. पंढरीत त्यांनी कळसाला हात जोडले. रांग मोठी होती, त्यांना तेवढंच पुरतं म्हणाले.

ताईला सगळं सांगितलं. पुढच्या वर्षी ती येणार आहे, आईही यायचं म्हणते. दोघींची नावं आप्पांनी दिंडीच्या विणेकऱ्यांना आत्ताच कळवली आहेत.